गुलाबी पाण्याची फत्ते

खंडितलक्ष्मी परंतु अखंडित-उत्साह-अलंकृत, सकलगुणसंपन्न थोरली कन्या, मुक्काम परगाव, वसतिगृह, खोली अकरा, यांचे सेवेसी. आपण फोनवरून हुकूम केला की, भिंतीवर टांगिलेल्या तुकड्याविषयी खोलीतल्या तिघी पुसतात, आणि खरे सांगावे तर तिघी हसतात आणि म्हणतात की पाणी कधी गुलाबी असते काय, सबब त्या दिवसाची साद्यंत हकीकत, कमी नाही जास्त नाही, लेखी पाठवावी. त्यास हुकुमाप्रमाणे लिहावयास बसलो. कमी लिहिणार नाही हे कबूल. जास्तीचा भरवसा देववत नाही, कारण लिहिणार शेजारचा असला तरी याच घरचे मीठ खाल्लेला, आणि घरच्याची बाजू न घेईल तो बखरनवीस कसला.

तरी वृत्तांत ऐसा. दौलत दोन खोल्यांची, दुसऱ्या मजल्यावरची, पंखा एक आणि तोही बोलका. दौलतीचे मालक राजश्री बाबा, फ्लेक्स छापण्याच्या कारखान्यात यंत्रावर नामजाद, म्हणोन इमारतीत त्यांस फ्लेक्सनवीस ऐसा किताब होता. आईसाहेब शिवणयंत्राच्या सरदारीण, शाळांचे गणवेश शिवीत, आणि घरची वजिरी, फडणिशी व मुदपाकखाना ही तिन्ही खाती एकहाती चालवीत. संतती तीन. थोरली सोळा वर्षांची, बुद्धीने तेज आणि जिभेने त्याहून तेज. मधला दहा वर्षांचा, त्याचा आवाज ऐसा की तोफ्या हेच नाव पडोन गेले. धाकटी सात वर्षांची, पडलेले दात चार आणि मागण्या दिवसास चाळीस.

त्या साली थोरलीने परगावच्या मोठ्या कॉलेजास अर्ज केला होता. तेव्हा बाबांनी भर जेवणात जाहीर केले की प्रवेश मिळाला तर कुल परिवारास वॉटरपार्क दाखवू, एक दिवस पुरा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हे वचन तोफ्याच्या मुखी गेले आणि मग इमारतीत कोणास कळावयाचे राहिले नाही. थोरलीनेही मैत्रिणींस सांगोन ठेविले. पुढे प्रवेश मिळाला आणि घरात एकच जल्लोष जाहला. परंतु त्याच दिवशी कारखान्यात एक अनर्थ गुदरला होता, तो बाबांनी आईसाहेबांखेरीज कोणास कळविला नाही.

अनर्थ तो ऐसा की, बाबांचे हातून यंत्राच्या टाक्यांत शाईची उलटापालट जाहली, निळीचे जागी गुलाबी आणि गुलाबीचे जागी निळी, आणि एक मातबर फ्लेक्स, तीस फूट लांब, दहा फूट रुंद, साफ बिघडोन बाहेर आला. गिऱ्हाइकाने तोंड फिरविले. कारखानदाराने फर्मान काढिले की नुकसान पगारातून कापावे आणि फ्लेक्स ज्याने बिघडविला त्यानेच घरी न्यावा. मग वॉटरपार्काचा खजिना तेथेच रिता जाहला. बाबांनी फ्लेक्सची गुंडाळी माळ्यावर गाद्यांआड दडविली आणि थोरलीस इतकेच सांगितले, "या वर्षी नाही जमणार गं."

थोरली म्हणाली, "जमणार नव्हतं तर बोलायचंच कशाला?"

इतके बोलोन तिने कानांत इयरफोन घातले आणि गॅलरीत खुर्ची टाकोन बसली, ती दोन दिवस, चार दिवस, सहा दिवस बसली. जेवावयास येई, परंतु बोलावयास येत नसे. तिचे परगावी जाण्यास दिवस उरले होते दहा, त्यांतले सहा ऐसे गॅलरीत खर्ची पडले. बाबा कामावरून येत, गॅलरीच्या दाराशी उभे राहत, खोकत, आणि माघारी फिरत. मोठमोठे सरदार तोफेच्या तोंडी गेले असतील, परंतु रुसल्या लेकीच्या तोंडी जाण्यास छाती निराळी लागते. अबोल्यातच लेक परमुलखास गेली तर काय, या धास्तीने बाबा ताट अर्धे टाकोन उठत.

हे आईसाहेबांस पाहवेना. रविवारी सकाळी त्यांनी तोफ्यास व धाकटीस शिवणयंत्रापाशी बोलाविले आणि दार लोटोन खलबत मांडिले. ठरले ते ऐसे. इमारतीच्या पाठीमागे गवताचा उतार आहे, तो थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत जातो. त्यावर माळ्यावरचा फ्लेक्स अंथरावा, वरून पाणी सोडावे, पाण्यात शाम्पूच्या पुड्या फोडाव्या, भिंतीशी दोन जुन्या गाद्यांचा बुरूज रचावा, आणि घसरावे. वॉटरपार्क पैक्याने येत नसेल तर हिकमतीने आणावा. पुढे आईसाहेबांनी आवाज उतरवोन कलम घातले की, फ्लेक्स अंथरताना चित्राची बाजू खाली राहावी आणि कोणीही ती पाहू नये, बाबांची इभ्रत आहे. धाकटीने शपथ घेतली, आणि शपथ घेताच चित्रात काय आहे म्हणोन सात वेळा पुसले.

आता पाणी पाहिजे. नळ आणि बागेची लांब नळी तळमजल्याच्या मास्तरांचे ताब्यात. मास्तर निवृत्त, विषय विज्ञान, स्वभाव उकडलेला, आणि दुपारची झोप ऐसी पवित्र की कावळाही खिडकीपासून दूर बसे. आईसाहेब खाशा वकिलातीस गेल्या आणि मास्तरांच्या शर्टाची फाटकी कॉलर उलटवोन देण्याचे कबूल केले, आणि मग तह जाहला. कलमे तीन. पहिले, चारच्या आत हूं की चूं करू नये. दुसरे, नळी एक तासच मिळेल आणि पाण्याने उताराचे वाळले गवत भिजले पाहिजे. तिसरे, आरडाओरड बिलकुल नाही. तिसऱ्या कलमावर तोफ्याची सही घेतली, ती सही करतानाच तो ओरडला.

चार वाजता कूच जाहले. फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेवोन पुढे आईसाहेब, मध्ये तोफ्या, शेवटी धाकटी, जी उचलीत नसोन लोंबकळत होती. जिन्याच्या वळणावर गुंडाळी अडकली, ना वर जाई ना खाली येई, आणि पहिल्या मजल्याच्या काकू भाजी घेवोन वर येत होत्या त्या तेथेच नजरकैद जाहल्या. मग काकूंनी पिशवी ठेविली आणि खालून खेचले, आणि गुंडाळी सुटली ती सगळ्यांस घेवोनच अंगणात दाखल जाहली. बाबा मागून येत होते, "राहू दे ना, कशाला," ऐसे पुटपुटत. अंगणात येताच त्यांनी कोणाच्या तरी स्कूटरच्या आड मोर्चा धरिला. त्यास पळ म्हणू नये, परंतु दुसरा शब्द लिहिणारास सापडत नाही.

फ्लेक्स अंथरला, चित्र खाली, पांढरी पाठ वर. नळी सुटली, पुड्या फुटल्या, फेस जाहला. इमारतीची कुल पोरे कठड्यावर येवोन बसली. तोफ्याने पाच पावले मागे घेतली, आरोळी दिली (तिसरे कलम येथे पहिल्याने मोडले), धावला, पोटावर पडला, आणि चार फुटांवर ऐसा थांबला जैसे पाकिटास तिकीट. मागोमाग धाकटी बसली, ती बसलीच. मग तिला काकूंनी ढकलले तरी ती वीतभर सरकली आणि म्हणाली, "हे वॉटरपार्क बंद आहे का?"

पोरे खो खो हसली. तोफ्याच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्याने नळीचे आहे ऐसे जाहीर केले. इतक्यात मास्तर काठी घेवोन प्रकट जाहले, तहभंगाचा जाब पुसण्यास, परंतु उताराकडे नजर जाताच त्यांचे कपाळी आठ्या पडल्या आणि ते जाब पुसावयाचेच विसरले. विज्ञानाच्या मास्तरास गोंगाट सोसतो, चुकीचा प्रयोग सोसत नाही. त्यांनी वाकोन फ्लेक्सवर बोट फिरविले आणि आज्ञा केली की पृष्ठभाग खरखरीत आहे, घर्षण अतोनात आहे, शंभर पुड्या फोडाल तरी कोणी हलणार नाही. वर गॅलरीत थोरलीने एकदा खाली पाहिले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवोन घेतली. आईसाहेबांनी कमरेवर हात ठेविले. मोहीम बुडाली, ऐसे अवघ्यांस वाटले.

स्कूटरच्या आड बाबा हे सर्व पाहत होते. या अवघ्या फौजेत फ्लेक्सची विद्या जाणणारा एकच, आणि तो दडलेला. त्यांस ठाऊक होते की गुळगुळीत बाजू ती छापलेली बाजू. परंतु ती वर आणावी तर आपली चूक तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद ऐसी भर चौकात पसरावी, पोरांपुढे, मास्तरांपुढे, गॅलरीपुढे. न आणावी तर तोफ्याच्या डोळ्यांतले नळीचे पाणी पाहवत नाही. एक पळभर बाबांनी स्कूटरचा आरसा घट्ट धरिला. मग सोडिला, बाहेर आले, बाह्या सारिल्या आणि इतकेच बोलले, "उलटा करा."

आईसाहेब हळूच म्हणाल्या, "अहो, नक्की?"

"नक्की. माझाच माल आहे. मला माहीत आहे कुठून घसरतो."

मग चार कोपरे चौघांनी धरिले, एक दोन तीन म्हणाले, आणि फ्लेक्स हवेत उठला, फडाडला, आणि पालथा होता तो उताणा जाहला. काय वर्णावे! ते त्याच वॉटरपार्काचे चित्र, जेथे जावयाचे होते ते. तीच उंच घसरगुंडी, तोच तलाव, तेच हसरे कुटुंब. परंतु पाणी गुलाबी, आभाळ गुलाबी, झाडे लालभडक, आणि चारी माणसे हिरवीगार, दात काढोन हसणारी. पोरांतला एक म्हणाला, "काका, यांना काय झालंय?"

बाबा मान खाली घालोन उभे राहिले. जमिनीवरच्यांस तुकडे दिसत होते, कोणास हिरवा कान, कोणास गुलाबी लाट. अवघे चित्र एकदम दिसेल ऐसी जागा कुल इमारतीत एकच, दुसऱ्या मजल्याची गॅलरी. त्या फडाडण्याने थोरलीने खुर्ची फिरविली, कठड्यावरून वाकली, आणि कानांतले काढिले.

"बाबा! हे काय आहे?"

बाबांनी वर पाहिले. सहा दिवसांत लेक पहिल्याने आपणहून बोलली होती. ते म्हणाले, "वॉटरपार्कचा फ्लेक्स. माझ्या हातून बिघडला. त्याचे पैसे पगारातून गेले, म्हणून… म्हणून जमलं नाही."

"असा कसा बिघडला? तुम्ही तर डोळे मिटून शाई भरता."

"भरतच होतो," बाबा म्हणाले. "तेवढ्यात तुझा फोन आला. 'बाबा, मिळाला प्रवेश.' मग कुठली बाटली कुठे ओतली, कोण बघतंय!"

गॅलरी रिकामी जाहली. आत गेली, दार लावले असणार, ऐसे काकू बोलल्या, आणि काकूंचा अंदाज चुकला हे येथे नमूद असावे. जिन्यात पावले वाजली, दोन दोन पायऱ्यांची. थोरली अंगणात आली, डोळे लाल, ओठ दाबलेले, मोबाइल मास्तरांच्या हाती दिला, बाबांपुढे उभी राहिली, एकदा त्या हिरव्या कुटुंबाकडे पाहिले, आणि फुटली! हसू ऐसे फुटले की पोट धरोन खाली बसली, आणि हसता हसता रडली, आणि बाबाही तेच दोन्ही करू लागले. मग तिने त्यांचे मनगट धरिले.

"चला."

"अगं, माझी पाठ… आणि हे चांगले कपडे…"

"बाबा, तिकिटाचे पैसे तर तुम्ही भरलेच आहेत!"

ऐसे म्हणोन तिने ओढिले. बाप आणि लेक हिरव्या माणसांच्या दातांवरून, गुलाबी लाटांवरून, फेसाचे कारंजे उडवीत, तीस फूट एका दमात गेले आणि गादीच्या बुरुजावर धडकले, एक चप्पल कुंपणापार गेली. त्या समयी जी आरोळी उठली ती पहिल्याने कोणी दिली याविषयी वाद आहे, परंतु लिहिणाराने आपल्या कानांनी ऐकले की ती मास्तरांची होती. तिसरे कलम तेव्हाच रद्द जाहले.

पुढे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही. तोफ्या बसोन, उताणा, उलटा, ऐसा गेला. धाकटी प्रत्येकाच्या मांडीवर बसोन गेली आणि दर खेपेस आता माझी पाळी म्हणाली. आईसाहेब नको नको म्हणत पदर खोचोन उभ्या राहिल्या आणि मग पाच वेळा गेल्या. काकू भाजीच्या पिशवीसकट गेल्या. मास्तर उताराचा कोन मोजीत होते, त्यांस कोणी ढकलले नाही, ते आपणच घसरले आणि प्रयोग म्हणोन दोनदा पुन्हा घसरले. एक तासाची नळी अडीच तास चालली. मजकूर खरा असावा म्हणोन लिहिणारानेही तीन वेळा खात्री करोन घेतली. गवत भिजले, दुसरे कलम मात्र बिनचूक पाळले गेले.

उरलेले चार दिवस थोरली गॅलरीत बसली नाही. जाण्याचे आदले दिवशी तिने आईसाहेबांची मोठी कात्री मागितली आणि फ्लेक्सचा एक तुकडा कापिला, हातभर, त्यात गुलाबी पाणी आणि पाण्यात एक हिरवी मुलगी हसते आहे. तोच आपल्या भिंतीवर आहे. तिघींस सांगावे की पाणी गुलाबी असते, आणि ते कसे होते हेही सांगावे. पुरावा म्हणोन बाबा, आईसाहेब, तोफ्या, काकू व मास्तर यांच्या सह्या खाली आहेत. धाकटीने सहीऐवजी अंगठा दिला, तो जाणूनबुजून गुलाबी शाईत बुडवोन दिला.

येणेप्रमाणे, पैका न खर्चिता, शाम्पूच्या सोळा पुड्या व एक चप्पल कामी येवोन, उन्हाळा सर जाहला, ही फत्ते येथे नोंदविली. इकडील वर्तमान यथास्थित. फक्त एक नवा शिरस्ता पडला आहे तो कळवितो. कारखान्यात आपला फोन वाजला की बाबा प्रथम बाटली खाली ठेवितात, बूच लावितात, हात पुसतात, आणि मग बोलतात. तरी आनंदाची बातमी द्यावयाची असेल तेव्हा बेलाशक द्यावी.