भोपळ्याची शेपटी आणि माझी खोली

कुत्र्याची शेपटी बघून मी त्याच्या मनातलं सांगतो. बढाई नाही मारत. सकाळी बागेत कुत्री फिरवायला जेवढे लोक येतात ते सगळे मला विचारतात. जे विचारत नाहीत त्यांना मी आपणहून सांगतो. शेपटी ताठ म्हणजे काय, कान मागे म्हणजे काय, कुत्र्याची जांभई म्हणजे झोप नव्हे, सगळं. मांजरांचंही तसंच. मांजर मी कधी पाळलं नाही, पण पाळणाऱ्यांच्या चुका मला लगेच दिसतात.

म्हणून बायको जेव्हा म्हणाली, "आई आता कायमची आपल्याकडे येतेय, मांजरासकट," तेव्हा मी घाबरलो नाही. घाबरलो ते पुढच्या वाक्याला. "तुमची खोली तिला देऊ."

माझी खोली! लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पदरात पडलेली. एक टेबल, हात मोडलेली एक खुर्ची, एक खिडकी आणि आतून लागणारी कडी. त्या कडीच्या जोरावर माझा संसार टिकलाय.

आता सासूबाईंना नाही म्हणायची माझी छाती नाही. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर माझे हात आजही आपोआप मागे जातात. पण मांजराला नाही म्हणता येतं.

"अगं, आपला भोपळ्या मांजर सहन करणार नाही," मी म्हणालो. भोपळ्या म्हणजे आमचा कुत्रा. त्याला एकदा बघितलं की नावाचं कारण कुणी विचारत नाही.

"तो? तो झुरळालासुद्धा वाट देतो."

"वरवर. त्याच्या मनातलं मला माहीत आहे. शास्त्रशुद्ध ओळख करून द्यावी लागेल. मांजर बंद दाराआड, कुत्रा बाहेर. आधी नुसता वास. मांजराच्या अंगावरून फिरवलेलं फडकं ह्याच्या अंथरुणात. दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मग दार वीतभर उघडायचं. घाई करायची नाही, काहींना महिना लागतो. आणि इतकं करूनही नाही जमलं, तर..."

"तर आई मावशीकडे जाईल," ती म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी लावायला लागली. तिला आई हवी होती, हे मला तिच्या पाठीवरूनही कळत होतं. पण खोली माझी होती.

सासूबाई आल्या. हातात टोपली, टोपलीत ठकी नावाची करडी मांजर.

"जावईबापू, तुम्हाला जनावरांतलं फार कळतं म्हणे."

"थोडंफार."

"बरं झालं बाई. मला काही कळत नाही. मी आपली तिला वेळेवर जेवायला घालते."

आता माझी युक्ती ऐका. भोपळ्या जगात एकाच गोष्टीला घाबरतो, जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलाला. नुसता तो रस्ता लागला तरी बैठक मारतो. मी एकटाच दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "त्याची भीती घालवतोय. इथल्या वासाची घरी सवय लावायची आहे." त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतः टेबलावरून फडकं फिरवून दिलं.

सासूबाई रोज ठकीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं माझ्या खोलीच्या बंद दाराबाहेर ठेवत. ते मी कपाटावर फेकायचो आणि खिशातलं भोपळ्याच्या अंथरुणात सारायचो.

भोपळ्याने वास घेतला. कान मागे, शेपटी पोटाखाली.

"बघ," मी बायकोला म्हणालो. "मांजराच्या नुसत्या वासाने पोराची काय दशा झाली."

तिचे डोळे भरून आले. मी भोपळ्याला थोपटायला हात पुढे केला. त्याने आधी हात हुंगला, मग माझा खिसा हुंगला आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरला.

"ताण आलाय त्याला," मी म्हणालो.

वास उडतो म्हणून मी रोज ताजं फडकं आणत होतो. आठवडा सरता सरता मी जवळ आलो की भोपळ्या उठून जायला लागला. बागेच्या वाटेवर तर त्याने सरळ बसकण मारली. मी पट्टा ओढतोय, तो हलत नाही, आणि सगळे बघताहेत. एक निवृत्त बँकवाले जवळ येऊन म्हणाले, "काय मास्तर, काय म्हणतेय आज शेपटी?"

त्या संध्याकाळी पट्टा बांधायला मी वाकलो मात्र, भोपळ्या उसळला आणि थेट माझ्या खोलीच्या दारावर आदळला. सासूबाई कडी लावत नाहीत. दार सताड उघडलं.

"बघा आता काय होतं ते!" मी ओरडलो. आवाजात काळजी होती, पोटात गुदगुल्या.

काही झालं नाही. भोपळ्या माझ्या टेबलाखाली घुसला. तिथे उशीवर ठकी बसली होती. तिने त्याला हुंगलं, थोडी सरकली, आणि त्याने मोकळ्या झालेल्या जागेत तोंड टेकलं. शिंकायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. दवाखान्यातून डॉक्टरीणबाई.

"हो... भीती? कसली भीती?... कुठलं फडकं?... रोज येतात?" ती माझ्याकडे बघत फोनवर बोलत होती. फोन ठेवला आणि हात पुढे केला. "खिसा."

मी फडकं काढून दिलं. टेबलाखालून भोपळ्या गुरगुरला.

"माझ्या आईला घालवायला एवढं केलंत?" ती म्हणाली. मला खरंच लाज वाटली. खोलीची हळहळ त्याहून थोडी जास्त वाटली, पण लाजही वाटली.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "ओरडू नकोस गं त्यांना. कुत्र्याची आणि त्यांची ओळख पुसली गेलीय, एवढंच. ती पुन्हा करून देऊ. शास्त्रशुद्ध."

तेव्हापासून माझी खाट चपलांच्या मांडणीशेजारी आहे. खोलीचं दार बंद. माझा बनियन भोपळ्याच्या अंथरुणात असतो आणि त्यावर ठकी झोपते. जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना. आत ते सगळे, बाहेर स्टुलावर मी. दार वीतभर कधी उघडायचं, असं मी विचारून बघितलं.

"घाई करायची नाही, जावईबापू. काहींना महिना लागतो."

काल उघडलं एकदाचं. फटीतून भोपळ्याने माझ्याकडे बघितलं. शेपटी आधी हळूच हलली, मग जोरात, मग कमरेपासून अख्खा कुत्रा हलायला लागला. मी स्टुलावरून उठलो.

"बघितलंत, आई? माफ केलं त्याने मला. शेपटी बघा त्याची."

"दिसतेय की," सासूबाई म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा, हिला आत येऊ द्या."

माझ्या मागे बायको त्याची जेवणाची वाटी घेऊन उभी होती.