दळवीकाकांची रायफल

दळवीकाका गेली तीन वर्षं रायफल निवडताहेत. विकत घेणं दूरच, त्यांनी आजवर एकही रायफल हातात धरलेली नाही. तरी दर शनिवारी सकाळी साडेनऊला आमच्या फ्लॅटची बेल वाजते आणि चपला काढता काढता काका जाहीर करतात, "केळकर, ती बाद." ती म्हणजे मागच्या शनिवारी पक्की झालेली.

आम्ही इथे परदेशात, चोआ चू कांग नावाच्या उपनगरात, अकराव्या मजल्यावर राहतो, काका आमच्या डोक्यावर बाराव्या. हा देश असा, की घरात एक काडतूस सापडलं तरी माणसाच्या राहण्याजेवण्याची कायमची सोय सरकार करतं. काकांना ते मान्य आहे. त्यांना रायफल इथे नकोच आहे. ती हवी आहे कुडाळजवळच्या त्यांच्या घरी, जिथे काकू एकट्या राहतात. घराभोवती अडीच एकर काजू, थोडी सुपारी, आणि त्यात बिनदिक्कत हिंडणारी रानडुकरं. काका आधी जहाजावर इंजिनियर होते, आता इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात मोठे साहेब आहेत. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली घरी किती काढली असं विचारलं, तर ते महिन्यांत उत्तर देतात.

"एकटी बाई आहे, केळकर," ते म्हणतात. "बाहेर डुक्कर, आणि उद्या आत चोर शिरला तर? दोघांना पुरेल अशी एकच पाहिजे. शिकार आणि राखण, एकाच नळीत."

घोडं अडलंय ते इथेच. डुकराला पुरेल ती माजघरात वळत नाही, माजघरात वळेल तिला डुक्कर भीक घालत नाही. मी एकदा म्हणालो, "काका, सरळ कुत्रा पाळा ना." त्यांनी माझ्याकडे अतिशय कणवेने पाहिलं. "कुत्र्याचं स्पेसिफिकेशन कोण लिहून देणार?"

या निवडीसाठी काकांनी जहाजावरच्या लॉगबुकासारखी एक जाडजूड वही घातली आहे. वजन, लांबी, दणका, गंज असे रकाने आहेत. जन्म समुद्रावर गेल्यामुळे गंज तीनदा अधोरेखित. शेवटचा रकाना 'सौ.चे मत'. त्यात पहिल्या पानापासून एकच नोंद आहे: "बघा तुमचं तुम्ही." हे मत घ्यायला काका रोज संध्याकाळी काकूंना फोन करतात, आणि तो तासभर चालतो.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, 'रायफल' हा शब्द मोठ्याने उच्चारू नये, एवढं मी त्यांना महत्प्रयासाने पटवलं. मग गाडीत रायफलीला 'मुलगी' म्हणायचं ठरलं. माझंच डोकं. दुसऱ्याच दिवशी मी वन-नॉर्थला ऑफिसला निघालो असताना शेजारी उभे राहून काका खड्या आवाजात म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण लांबीला जास्त. आमच्या दारात अडकेल. शिवाय पाच वर्षांत गंज धरेल." समोरच्या सीटवरच्या बाई मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर निघाल्या. त्या वर्षी गणपतीत काकांच्या हातात आरतीचं तबक काही आलं नाही.

गेल्या शनिवारी मात्र कळस झाला. काका निळ्या चिकटपट्टीची दोन रिळं घेऊन आले आणि आमच्या हॉलच्या फरशीवर त्यांनी कुडाळचं घर आखलं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. रायफल म्हणून आमचा मॉप घेतला. डुक्कर म्हणून मला घेतलं. माझ्या पाठीवर सोफ्याची उशी ठेवून बायकोच्या ओढणीने बांधली. बायको पोहे परतत होती, तिने एकदाच वळून पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"पडवीतून या," काकांनी हुकूम सोडला. "घाई नको. डुक्कर बिचकत येतं."

मी बिचकत आलो. काका माजघरातून वळले आणि दारात थबकले. "अडकलो," ते म्हणाले. दार म्हणजे फरशीवरची पट्टी, पण काका प्रामाणिक माणूस. मॉप आडवा धरून ते हवेत अडकून उभे राहिले, आणि मी चार पायांवर त्यांची वाट बघत राहिलो. आमचं पुढचं दार उघडंच होतं. कॉरिडॉरमधून जाणारी शेजारची चिनी आजी थांबली.

"अंकल, यू ओके ऑर नॉट?"

"ओके लाह, आंटी," काका म्हणाले. "पिग प्रॅक्टिस."

आजी निघून गेली. काका कसेबसे त्या दारातून सुटले आणि नीट मोजायला हवं म्हणून टेप आणायला वर गेले. फोन सोफ्यावरच राहिला. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर 'घर' असं आलं, म्हणून मी उचलला.

"काका टेप आणायला वर गेलेत, काकू. मी केळकर."

"परत मोजताहेत?" काकू हसल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "केळकरभाऊ, त्यांना सांगू नका, पण बंदूक आहे माझ्याकडे. दोन वर्षं झाली. माझ्या वडिलांची एकनळी. ते गेले तेव्हा शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर करून घेतला. एक बार हवेत काढला की डुकरं ओढ्यापलीकडे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करते, झाली की रिक्षाने घरी आणते."

मी उशीसकट खाली बसलो. "मग सांगत का नाही त्यांना?"

"पूर्वी त्यांचा फोन आठवड्याने यायचा. 'बरी आहेस? ठेवतो.' संपलं. जहाजावरच्या माणसाला बोलायची सवय नसते हो. ही रायफल निघाल्यापासून रोज बोलतात. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मी हं हं करते, भाजी चिरते. पण माझ्याशी बोलतात ना? बंदूक घरात आहे म्हटलं, की परत 'ठेवतो' सुरू."

तीन वर्षं मी या रायफलीची टिंगल करत होतो, आणि आता माझी मलाच शरम वाटली. "नाही सांगत," म्हणालो आणि फोन ठेवला.

काका आले. त्यांनी टेप लावली, आकडे पाहिले, वही उघडली आणि एका नावाभोवती गोल काढून ती मिटली. "ठरलं, केळकर. हीच. आज तिला सांगून विषय संपवतो."

या वाक्यासाठी मी देवाला नारळ बोललो होतो. आता मात्र मीच आडवा आलो. "पण काका," मी घाईघाईने म्हणालो, "हिचा दस्ता लाकडी ना? कोकणातली दमट हवा. फुगला तर?"

काकांनी सोफ्यावरच्या फोनकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग ते निळ्या पट्टीच्या ओसरीवर मांडी घालून बसले.

"तिने सांगितलं वाटतं तुम्हाला."

"काय?"

"व्हिडिओ कॉलला ती फोन कसा धरते माहितेय? तिचं नुसतं कपाळ दिसतं आणि मागची अख्खी भिंत. खुंटीला सासऱ्यांची बंदूक. दोन वर्षं बघतोय."

"मग हे सगळं कशाला, काका?"

"दुसरं काय बोलू तिच्याशी?" ते फरशीकडे बघत म्हणाले. "एकतीस वर्षांत तिला काय आवडतं, काय नाही, एकदा विचारलं नाही मी. आता या वयात विचारायची लाज वाटते. रायफलीचं बोलायला लाज वाटत नाही."

मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी नंबर लावला.

"ऐक गो, परत घोळ झालाय. दस्ता फुगेल म्हणतात केळकर. लाकूड कुठलं त्यावर आहे म्हणा, सागवान असेल तर..." बोलता बोलता ते थांबले. कान देऊन काहीतरी ऐकत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "काय चिरतेयस? भाजी कसली आज?"

पलीकडून काकू काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही.

"मला पण आवडते," काका म्हणाले.