दोनशे किलो मऊपणा

"काका, हिच्यात दोनशे लिटर दाणे मावतील," शिंप्याने भली मोठी कापडी पिशवी काकांच्या हाती दिली. "थर्मोकोलचे भरा. बसलं की अंग कसं अलगद रुततं."

काकांच्या लेकीला सातवा महिना. पाठ धरलेली, गादीवर झोप नाही, खुर्चीत चैन नाही. संध्याकाळी ती घरी येणार होती. फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, पाठ टेकायला काहीतरी मऊ करून ठेवा हं."

काकांनी पस्तीस वर्षं डेअरीत दूध मोजलं होतं. तिथे लिटर आणि किलो म्हणजे एका ताटात जेवणारे सख्खे भाऊ; एकाला पाहिलं की दुसऱ्याची चौकशी करायची गरज नाही. त्यांनी तडक कारखान्याला फोन लावला. "दाणे पाठवा. दोनशे किलो."

"दोनशे?" पलीकडचा माणूस खाकरला. "दुकान आहे का?"

"लेक आहे," काका म्हणाले.

दुपारी टेम्पो आला. ड्रायव्हर एकेका हातात माणसाएवढं पोतं घेऊन फुलं आणावीत तसा आत येऊ लागला. लेकीच्या खोलीत आधी कॉट बुडाली, मग खिडकी मावळली; उरलेली पोती व्हरांड्यात रचली.

"अहो, किती पोती आहेत?" काकूंनी विचारलं.

"वीस. दहा-दहा किलोची."

"आणि एकात लिटर किती?"

"पाचशे," ड्रायव्हर म्हणाला.

काकूंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे लिटरला वीस ग्रॅम. दोनशे लिटरला चार किलो पुरे होते! आणि तुम्ही?"

"अगं, दुधाचा लिटर..."

"लेक काय दुधात झोपणार आहे?"

बाकीची डिलिव्हरी उरकून सहा वाजता पोती परत नेतो, असं ड्रायव्हरने कबूल केलं. तेवढ्यात खोलीत निदान वाट तरी करावी म्हणून काकांनी एक पोतं ओढलं. ते कडीला अडकून टरकन फाटलं. घरभर पांढरं झालं. झाडू मारावा तर दाणे उडत, हाताने उचलावेत तर बोटं सोडत नसत. काकांच्या मिशा पाहून काकूंना हसावं की रडावं कळेना.

आणि दारात रिक्षा थांबली.

लेक खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. "बाबा, हे काय?"

"जरासं... जास्त झालं गं. बसायलासुद्धा जागा नाही तुला."

तिने पाठ फिरवली, डोळे मिटले आणि अंग मागे सोडून दिलं. पोती कुसकुसली, तिच्या कमरेखाली भरली, मानेशी आली. "आई गं," ती पुटपुटली. पुढचं वाक्य घोरण्यात गेलं.

सहाला ड्रायव्हर हजर झाला. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "चार रात्रींनी डोळा लागलाय तिचा. थांबा जरा."

तो व्हरांड्यातल्या एका पोत्यावर टेकला. पाच मिनिटांत त्याचीही मान कलली. दिवसभर टेम्पो चालवून शिणलेला जीव.

आत एक घोरणं, बाहेर एक. उरलेल्या पोत्यांकडे बघत काका हळूच म्हणाले, "अगं, कमी तर नाही ना पडणार?"