कौलं, पत्रे आणि सामसनकाका

आमच्या चर्चमध्ये पाळकांचा उपदेश चालू असताना शेवटच्या बाकावरून दोन-तीनदा तरी आरोळी येते : "आवाज!"

नवे पाळक दचकतात. मेथडिस्ट पद्धतीप्रमाणे आमचे पाळक दर काही वर्षांनी बदलून जातात, त्यामुळे दचकायला कुणीतरी नवं असतंच. आम्ही मात्र मागे वळूनही बघत नाही. ते सामसनकाका असतात. पाळक घसा खाकरून वरच्या पट्टीत जातात आणि काका खाली बसतात. एकदा मुंबईहून चर्चचे मोठे साहेब आले होते, काका त्यांच्यावरही ओरडले. साहेब तेव्हा डोळे मिटून प्रार्थना करत होते.

चर्च म्हणजे फार मोठं काही समजू नका. भिवपुरीकडून कर्जतला येताना भाताच्या खाचरांमध्ये उंच जोत्यावर काळ्या दगडाची एक खोली दिसते. वर मंगलोरी कौलं, पुढे चार पायऱ्या. क्रूस नसता तर लोक सातबारा मागायला आत शिरले असते. या चर्चच्या कमिटीची मी सेक्रेटरी. एरवी नवऱ्याबरोबर कर्जतला हार्डवेअरचं दुकान चालवते.

काकांचं आयुष्य भातगिरणीत गेलं. गिरणी बंद झाल्यावर चर्चचा इतिहास सांगणं हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग झाला. कुणी पायरीवर टेकलं की काका सुरू. "आधी आंब्याखाली उपासना व्हायची. मग पेंढ्याचं छप्पर आलं. मग मिशनची मडम म्हनली, भिंती घाला." भिंतींचे दगड मंडळीतल्या बायकापुरुषांनी नदीतून डोक्यावर आणले. कौलं कर्जत स्टेशनात मालगाडीने उतरली आणि तिथून बैलगाडीने आली. गाडीवान काकांचे आजोबा. नदी उतरताना गाडी कलंडली आणि बरीच कौलं पाण्यात गेली, म्हणून मागच्या उतारावर वेगळ्या छापाची कौलं बसवलेली आहेत. हा अपघात काका असा सांगतात, की आजोबांनी नदीला काही दानच दिलं असावं.

चर्च नक्की किती जुनं हे सांगणं कठीण, कारण काकांच्या तोंडी ते दर वर्षी थोडं आणखी जुनं होतं. मी लहान असताना ते आजोबांच्या तरुणपणीचं होतं. आता ते रेल्वेच्याही आधीचं झालंय.

"काका, रेल्वेच्या आधीचं, तर कौलं मालगाडीने कशी आली?" मी एकदा विचारलं.

"तू जल्मली व्हतीस का?"

हे त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. ते कुठल्याही प्रश्नाला चालतं आणि काका ते कुठल्याही प्रश्नाला वापरतात.

तिसरा नाद कौलं गोळा करण्याचा. शेलूपासून कोंडाण्यापर्यंत कुणी जुनं घर पाडून स्लॅब टाकणार असं कळलं, की काका टेंपो घेऊन हजर. उतरवलेली कौलं मागून आणायची आणि आपल्या परसात रचून ठेवायची. परसात कौलांच्या इतक्या भिंती झाल्यात, की त्यांच्या बायकोला, रूथकाकूंना, कोंबडी शोधायला वळणं घेत जावं लागतं.

आता मूळ भांडणाकडे येते. दर उन्हाळ्यात माकडं चर्चच्या छपरावर नाचतात आणि पावसात आम्ही बाकं सरकवत उपासना करतो. मी कमिटीत मांडलं, कौलं काढा आणि पत्रे टाका. चार दिवसांचं काम, पुढची वीस वर्षं कटकट नाही. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात काका उभे राहिले.

"पत्र्याखाली पावसात शब्द ऐकू येत नाय. हितं चार महिने पाऊस. चार महिने काय मुक्यानं उपासना करायची?"

"काका, पण गळतं त्याचं काय?"

"हिला दुकानातले पत्रे खपवायचेत!"

मी संतापले. मी म्हणाले, पत्रे दुसऱ्या दुकानातून आणा. काका म्हणाले, "तू जल्मली व्हतीस का?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. "माझ्या भाच्याची पोल्ट्री हाय, वर पत्रे हायेत. मोठा पाऊस लागंल त्या दिवशी समदी कमिटी तिथं चला. पाळकांनी तिथं उपदेश करायचा. ऐकू आला तर टाका तुमचे पत्रे."

आणि आम्ही गेलो. आषाढ ऐन भरात होता. आमचे पाळक सोलापूरकडचे, तरुण आणि मृदू आवाजाचे. ते खाद्याच्या गोणीवर उभे राहिले, समोर आम्ही सात जण, दोन्ही बाजूंना हजारभर कोंबड्या. पहिली दोन वाक्यं ऐकू आली. मग पत्र्यावर सर कोसळली आणि पाळकांचं नुसतं तोंड हलू लागलं. कोंबड्या बिथरल्या. मी "पुरे आता!" म्हणून ओरडले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. कौलं ठेवायचा ठराव आम्ही हात वर करून तिथेच मंजूर केला, कारण तो बोलून होण्यासारखा नव्हता. काका गोणीला टेकून हसत होते.

थंडीत शाकारणी झाली. फुटकी कौलं काढून काकांच्या परसातली चढवली, वर माकडांसाठी जाळी घातली. जाळी आमच्या दुकानातली होती, तेवढं मी करून घेतलं. या वर्षी आषाढातल्या एका रविवारी सकाळपासून आभाळ फाटलेलं होतं. आत एक थेंब नाही आणि पाळकांचा शब्द न् शब्द कानावर येत होता. मला इतकं सुटल्यासारखं झालं, की मी उपदेशात पाच मिनिटं डुलकी काढली.

त्या दुपारी उरलेली जाळी ठेवायला मी काकांकडे गेले. काका पडवीत पाठमोरे बसले होते. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा चांगली ओरडले, तरी मान वळली नाही.

रूथकाकू आतून आल्या. "पाठीमागून नको गं हाका मारूस, शीला. समोर जा. त्यांना ऐकू येत नाय."

"कधीपासून?"

"गिरणीनं खाल्ले कान. लई वर्षं झाली."

"मग ते चर्चमध्ये ओरडतात ते?"

"ते माज्यासाठी. मला ऐकू आलं नाय, की मी पदर कानामागं सारते. ते मागच्या बाकावरनं बघत असतात." काकू पाटावर बसल्या. "तिथं मी ऐकायचं आन् दुपारी हितं त्यांना सांगायचं. मला ऐकू नाय आलं, तर त्यांना काय मिळणार?"

इतकी वर्षं मी काकूंच्या शेजारी बसते. मला वाटायचं, त्यांना उकडतं.

काकूंनी तोंड काकांच्या कानाशी नेलं आणि सकाळचा उपदेश मोठ्याने सांगायला सुरुवात केली. विषय उधळ्या पुत्राचा होता. "धाकटा समदं उडवून परत आला, त्याला मेजवानी. थोरला शेतात राबला, त्याला काय नाय. हे मला पटलं नाय. पाळकांना इचारनार हाय मी."

"बराबर हाय," काका म्हणाले. "फुडं?"

"फुडं पाळक म्हनले, सामसनदादांनी कौलं राखली, म्हणून आज पावसात शब्द ऐकू आला. मंडळीनं त्यांचे उपकार मानावे."

मी चमकले. डुलकी पाच मिनिटांचीच होती आणि तीही मध्येच, शेवटी मी पूर्ण जागी होते. पाळक असं काही बोलले नव्हते.

काकांनाही शंका आली. "असं म्हनला? मग कुनी मागं वळून कसं नाय बघितलं?"

"शीला व्हती ना तिथं. तिला इचारा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कमिटीची सेक्रेटरी. कुणी बोललं नसेल ते इतिवृत्तात येऊ देत नाही, यावरून माझी भांडणं झालेली आहेत. मी समोर जाऊन उकिडवी बसले आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "म्हणाले, काका. दोनदा म्हणाले."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

काका कान काकूंकडे नेऊन म्हणाले, "ते शेवटचं परत सांग."

मी जाळी भिंतीला लावली, छत्री उघडली आणि तशीच पाळकांच्या घराकडे निघाले. पुढच्या रविवारी काय बोलायचं, ते त्यांना आजच सांगून ठेवायला हवं होतं.