स्टेरिंगला हात लावला की भत्ता

बेडश्याच्या शौकतभाईंची जीप मी आयुष्यात एकदाच चालवली, तीही सात-आठ हात. कामशेतच्या स्टँडवर ते चहा प्यायला गेले होते, मागून ट्रॅक्टरवाला कोकलत होता, म्हणून मी जीप जरा पुढे घेतली. शौकतभाई परत आले आणि त्यांनी माझ्या खिशात वीस रुपये कोंबले.

"हे काय?"

"भत्ता. आन् हे चहाचं धा येगळं."

मी बेडश्याच्या शाळेत मास्तर, रोज त्यांच्याच जीपने येणारा-जाणारा. चारचौघांत माझा ड्रायव्हर झाला. मी नोट परत करू लागलो, तर म्हणाले, "गुरुजी, स्टेरिंगला हात लावला की भत्ता. फुकट गाडी चालवून घ्यायची न्हाई. पाप लागतंय."

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरच्या हातात भत्ता ठेवायचा आणि चहाचे वेगळे द्यायचे, ही त्या धंद्यातली जुनीच रीत. शौकतभाईंनी तिचा धर्म केला होता. एका शिकाऊ पोराने त्यांची जीप सहा प्रवाशांसकट भाताच्या खाचरात घातली, तर त्यालाही भत्ता मिळाला. "घातली कुनी? त्यानंच न्हवं? मग चालवलीच की!" अवघड प्रश्न आला की मात्र ते बॉनेट उघडून आत डोकं घालत. गाडीत बिघाड असो वा नसो.

त्यांची रुबीना चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होती. पुढे ती वैमानिक झाली. लायसन मिळालं, पण नोकरी मिळेना. मोठ्या विमानाचा अनुभव आणा, म्हणे. तो अनुभव परदेशातली एक कंपनी द्यायला तयार होती. कॅप्टनच्या शेजारी बसून पाचशे तास खरं विमान चालवायचं, आणि त्याचे पैसे रुबीनाने कंपनीला द्यायचे. हे वडिलांना समजावून सांगायचं काम तिने माझ्या गळ्यात घातलं.

"पाशिंजर तिकीट काढत्यात?" शौकतभाईंनी विचारलं.

"काढतात."

"आन् चालवनारीबी पैसं देनार?"

"हो."

"मग फुकट बसलंय तरी कोन त्या विमानात?"

त्यांनी पुढे विचारलं, "पोरगी बसनार कंच्या बाजूला?" म्हटलं, उजव्या. कॅप्टन डावीकडे. शौकतभाई खुलले. "म्हंजे डायवर तीच की! डावीकडं किन्नर बसतोय." कॅप्टन म्हणजे क्लीनर नव्हे, हे मी दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही.

महिन्याभरात त्यांनी आपल्या दोन जीपांपैकी एक विकून पैसे भरले आणि रुबीना गेली. स्टँडवर कोणी विचारलं, "भाई, पोरीला पगार किती?" की बॉनेट उघडायचं. त्या वर्षी उरलेल्या जीपचं बॉनेट जितकं उघडलं तितकं तिचं दारही उघडलं नसेल.

पाचशे तास संपले. कंपनीने रुबीनाला एक प्रमाणपत्र दिलं आणि तिच्या खुर्चीत पुढचा पैसे भरणारा बसवला. ती बेडश्याला परत आली. इकडच्या कंपन्यांनाही अर्ज केले होते, उत्तरं येत नव्हती. तीन आठवडे ती घराबाहेर पडली नाही. शौकतभाई जीपमध्ये एवढंच म्हणाले, "जेवत न्हाई हो. बोलत तर न्हाईच."

पुढच्या सोमवारी सकाळी कामशेतला पाहतो तो रुबीना स्टँडवर उभी. शौकतभाई उजवा खांदा धरून कण्हत होते. "लय दुखतोय. आज तूच ने." ती स्टेरिंगवर बसली. शौकतभाई डावीकडे, मी मधे. बसण्यापूर्वी तिने, विमानाभोवती मारतात तशी, जीपभोवती एक फेरी मारून चारही टायर पाहिले, ते बघून मागच्या बायका हसल्या. गाडी तिने फार सुंदर चालवली. चढावर गिअर बदललेला कळला नाही.

बेडसे आलं. सगळे उतरले. खांदा दुखणाऱ्या शौकतभाईंनी टपावरचं तांदळाचं पोतं त्याच खांद्यावर घेऊन खाली ठेवलं, हात पुसले आणि रुबीनाच्या तळहातावर दोनशे रुपये ठेवले.

"अब्बा, हे काय?"

"भत्ता. चालवलीस न्हवं?"

ती नोटांकडे बघत राहिली. एवढ्या आकाशातून एवढी माणसं पोचवली, पण कोणी तिच्या हातावर काही ठेवलं नव्हतं.

मग रुबीनाने दुसरा हात पुढे केला.

"आणि चहाचे वेगळे?"

"ऱ्हायलंच की," शौकतभाई म्हणाले. त्यांनी सगळे खिसे चाचपले, आणि मग घाईघाईने जाऊन बॉनेट उघडलं.