खांबेट्यांचं रूट कार्ड

आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली त्या दिवशी शेजारच्या खांबेट्यांनी दाराच्या कडीला एक पिवळं कार्ड दोऱ्यानं बांधलं. आम्हाला वाटलं, शुभेच्छा असतील. वाचलं तर लिहिलं होतं, ‘रीवर्क. चौकट वरच्या बाजूला चार मिलिमीटर बाहेर.’ मग ते आत आले आणि दोनदा मागून मसालेभात जेवले.

खांबेटे बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर लोक यात्रेला जातात. यांनी तीन रंगांची कार्डं छापून घेतली. लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळं म्हणजे रीवर्क, हिरवं म्हणजे पास. नव्वदच्या दशकातल्या आमच्या कोरमंगलात लाल-पिवळी पुष्कळ घरांनी पाहिली होती. हिरवं कुणीच पाहिलं नव्हतं. ते छापलेलंच नाही, असं माझ्या यजमानांचं मत होतं.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते इडलीची जाडी व्हर्निअरनं मोजत. थोडं चालवून घ्या, अशा अर्थानं मालक हात जोडून म्हणे, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर.” खांबेटे शांतपणे सांगत, “अ‍ॅडजस्ट मशीन करायचं. माप नाही.”

कुठलीही वस्तू हातात आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “सही कुणाची?” गळका नळ असो की शिंप्याकडून आलेली पँट, ती कुणीतरी पास केली असणार, आणि त्या माणसाचं नाव त्यांना हवं असे. त्यांचा एक नियम मात्र लोखंडी होता. ज्यानं काम केलं त्यानं स्वतःच्या कामावर सही करायची नाही. पत्नी गेल्यापासून ते स्वतः स्वयंपाक करत, पण आमटीची वाटी आधी आमच्याकडे येई. मी “छान झालीय” म्हटल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. मला तो निव्वळ चक्रमपणा वाटे.

समोरच्या प्लॉटवर तेव्हा तीन मजली इमारत चढत होती. तिथला वॉचमन मानबहादूर नेपाळहून आलेला. त्याची मुलगी दिलमाया दहा वर्षांची. खांबेटे एकदा न विचारता विटा मोजायला गेले, तेव्हा ती वाळूच्या ढिगावर बसली होती.

“कौनसी क्लास?”

“पहली.”

“पिछले साल?”

“पहली.”

“उसके पहले?”

“पहली, अंकल.”

बाप इमारतींबरोबर फिरायचा. एक पुरी झाली की दुसरीवर, बहुतेक वेळा वर्षाच्या मधेच. नवी शाळा जुन्या शाळेचा दाखला मागे, तो नसे, की बसव पोरीला पहिलीत. या खेपेला पहिलीतच नाव घातलं, पण ती शाळेत गेलीच नव्हती. पहिला धडा पाठ झाला होता.

दुसरा कुणी हळहळला असता. खांबेटे भडकले. “एकाच जॉबवर एकच ऑपरेशन तीनदा?” ते आमच्या दारात उभं राहून मला म्हणाले. “झिजून जाईल ती.”

मग त्यांनी मला समजावलं. कारखान्यात जॉब म्हणजे घडवायला घेतलेला नग. तो एका शॉपमधून, म्हणजे विभागातून, दुसऱ्यात जातो तेव्हा त्याच्याबरोबर रूट कार्ड जातं. काय काम झालं, कुणी तपासलं, सगळं त्यावर असतं. ते नसेल तर पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. “पोरीत दोष नाही,” ते म्हणाले. “रूट कार्ड नाही, एवढंच.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारला, इमारतीच्या जिन्याखाली, सिमेंटच्या पोत्यांमधे वर्ग भरू लागला. अक्षरं कन्नड, कारण शाळा कन्नड. बोलणं हिंदीत, कारण मास्तरांचं कन्नड कारखान्यातलं आणि त्यातलं निम्मं मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. महिन्याभरात दिलमाया गवंड्याला ओळंबा धरून दाखवू लागली. गवंड्यानं बापाकडे तक्रार केली.

शिकवायचे खांबेटे, म्हणून सही त्यांना चालेना. इन्स्पेक्टर म्हणून माझी नेमणूक झाली. दर शनिवारी मी तिची परीक्षा घ्यायची आणि कार्डावर सही करायची. ‘हातच्याची बेरीज, पास. वजाबाकी, रीवर्क.’ मी एकदा दयेपोटी वजाबाकी पास केली, तर आठवडाभर आमटीची वाटी आली नाही.

इमारत झाली. मानबहादूरला देवनहळ्ळीकडचं काम मिळालं. निघताना खांबेट्यांनी दिलमायाला रूट कार्ड दिलं. खाली लाल शाईत कन्नडमधे ओळ होती, ‘पुन्हा पहिल्या ऑपरेशनपासून सुरू करू नये.’ सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड. त्यावर दोनच रकाने. इयत्ता आणि सही.

मग ते पोस्टमनची वाट पाहू लागले. समोरच्या जिन्याखाली आता इमारतीच्या मालकाची स्कूटर असे. तरी चार वाजले की खांबेटे फाटकाशी येऊन उभे राहत, आणि मग आमच्याकडे येऊन आमच्या घड्याळाची वेळ तपासत. मी म्हटलं, “काका, बस आहे देवनहळ्ळीला. जाऊन बघून या.”

“पुढच्या शॉपमधे जाऊन जॉबला हात लावायचा नसतो,” ते म्हणाले. मला त्यांची फार कीव आली.

दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. ते घेऊन खांबेटे थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले, चपला काढायचं विसरून. अक्षरं कन्नड होती, भाषा हिंदी. त्यांनी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

“अंकल, टीचर ने कार्ड देखा. हातच्यावाला जोड करवाया. मैं ने किया. तीसरी में बिठाया. टीचर बोली, ऐसे कार्ड पर साइन नहीं करती. इसलिए मैं ने किया.”

सहीच्या रकान्यात वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, दिलमाया.

“स्वतःच्या कामावर स्वतःची सही,” खांबेटे म्हणाले. नियमानं हे लाल कार्ड होतं. मग त्यांनी खिशातून एक कार्ड काढून ओट्यावर ठेवलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण होतं हिरवंच.

मी पेन घेऊन पुढे झाले. “द्या, मी करते सही.”

“नको,” ते म्हणाले. “ही मी करतो.”

“नियमात बसत नाही, काका.”

“माहीत आहे.”

त्यांनी सही केली. शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं, चांगलं चार मिलिमीटर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्टर मी होते. मी पास केली.