सत्तावीस इंची अंगाई

मॉनिटर कसा निवडावा हे अख्ख्या पापडी गावात एकट्या कॉन्रॅडला कळतं, याबद्दल कॉन्रॅडच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अंधेरीच्या एका कंपनीत तो खरेदी खात्यात होता आणि तिथला प्रत्येक मॉनिटर त्याच्या सहीने आत आला होता. त्यामुळे गायनमंडळासाठी एक घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याने भर बैठकीत बाह्या सारल्या आणि जाहीर केलं, "हे माझ्यावर सोडा. डोळे मिटून सोडा."

मामला मात्र डोळे मिटण्याइतका साधा नव्हता. नाताळ गीतस्पर्धेची फिरती ढाल शेजारच्या गास गावच्या मंडळाने लागोपाठ दोन वर्षं नेली होती, आणि तिसऱ्यांदा नेली की ती कायमची त्यांची, असा नियम. त्यात ती ढाल होती फेलिक्स मास्तरांच्या नावाची. मास्तर म्हणजे मंडळाचे संस्थापक आणि कॉन्रॅडचे सासरे. पापडीच्या मास्तरांची ढाल गासच्या कपाटात कायमची जाऊन बसणार, या विचारानेच त्यांच्या लेकीला, म्हणजे डेल्फिनला, अन्न गोड लागत नव्हतं.

गेल्या वर्षी घात केला तो कागदांनी. गाणं कागदावर, चष्मे नाकावर, माना खाली. सिप्रियनकाकांनी तर दोन पानं एकदम उलटली आणि बाकीचे दुसऱ्या कडव्यात असताना ते एकटेच चौथ्या कडव्यात जाऊन पोचले. परीक्षकांनी शेरा दिला, 'गायक जमिनीला गाऊन दाखवत होते.' म्हणून यंदा गाणं समोरच्या पडद्यावर आणि माना वर, असं ठरलं होतं.

"मोठा घे," डेल्फिन म्हणाली. ती मंडळात कीबोर्ड वाजवायची आणि यंदाची बाळ येशूची अंगाईही तिनेच रचली होती. "चांगला त्रेचाळीस इंची. आणि साधा."

"आकारात काय आहे? पपनसही मोठं असतं," कॉन्रॅड म्हणाला. "खरी गंमत रिझोल्यूशनमध्ये. ठिपके जेवढे जास्त आणि दाट, तेवढं अक्षर रेखीव. सत्तावीस इंच, फोर के. त्याखाली मी उतरणार नाही."

"आपल्याला अक्षर वाचायचंय. त्याला स्थळ नाही बघायचं."

सिप्रियनकाका वाडीतून थेट बैठकीला आले होते. त्यांनी विचारलं, "सत्तावीस इंच म्हणजे रुंदी की उंची?"

"दोन्ही नाही, काका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपं मोजतात."

"तिरपं?" काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मीही वाडी तिरपीच मोजून विकली असती."

मॉनिटर आला तो नेमका स्पर्धेच्या आदल्या दिवशी. कॉन्रॅडने तो घरच्या टेबलावर मांडला, लॅपटॉपला जोडला आणि हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसला. काय ते अक्षर! स्वल्पविरामाची शेपटीसुद्धा कातरल्यासारखी. लॅपटॉप अधूनमधून सुचवत होता, की अक्षरं जरा मोठी करून दाखवू का. पण फोर के घ्यायचं आणि ठिपके राखून वापरायचे, हे कॉन्रॅडच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"डेल्फिन, बघ तरी!"

डेल्फिनने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. "मला इथून कोरा पडदा दिसतोय."

"तू लांब उभी आहेस."

"आणि मंडळी कुठे उभी राहणार? तुझ्या मांडीवर?"

कॉन्रॅड हसला. तज्ज्ञ माणसाला घरच्यांचं ऐकून घ्यावंच लागतं, ते मनावर घ्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. रंगमंचावर माइक पार मागे लावलेले, आणि मॉनिटरचं टेबल पुढे, अगदी कडेला. रंगमंचाच्या बंद पडद्याआड मंडळ रांगेत उभं राहिलं. माना ताठ, चेहरे प्रसन्न. कागद कोणाकडेच नव्हते, कारण कॉन्रॅडने ते स्वतः गोळा करून घरी ठेवले होते. आणि पडदा येणार म्हटल्यावर गाणं पाठ करायचं कोणी मनावर घेतलंच नव्हतं.

"कॉन्रॅड," एलिनामावशी हळूच म्हणाल्या. मंडळातला सर्वांत उंच आवाज त्यांचा. "तो चालू कर ना आता."

"चालू आहे, मावशी."

सिप्रियनकाकांनी चष्मा लावला, काढला, शेजाऱ्याचा लावून पाहिला. "ही मोहरी सांडलीय ती गाणं आहे काय?"

कॉन्रॅड धावत रांगेपाशी गेला आणि तिथून त्याने आपली खरेदी पाहिली. गासच्या मंडळाचं गाणं नुकतंच संपलं होतं आणि टाळ्या थांबत नव्हत्या. डेल्फिन कीबोर्डमागे बसली होती.

त्याने अक्षर मोठं करायला घेतलं. पण गाणं टाइप केलं होतं जुन्यापुराण्या मराठी फॉन्टमध्ये. घाईत फॉन्टच बदलला गेला आणि अंगाईच्या जागी कंस, टिंबं आणि रुपयाची खूण उमटली. त्याने घाईघाईने सगळं पूर्ववत केलं. बाहेर निवेदिका सांगत होती, "आता येत आहे, पापडीचं मंडळ!"

आता एकच उपाय उरला होता. ज्या रिझोल्यूशनसाठी तो घरात आणि बैठकीत भांडला होता, ते त्याने काळजावर दगड ठेवून खाली आणलं. आणखी खाली. अगदी तळाला. ठिपके कमी झाले तसे मोठे झाले, आणि अक्षरं एकदम लादीपावाएवढी झाली. कडा ओबडधोबड, पण शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ दिसणारी. फक्त आता पडद्यावर एका वेळी दोनच शब्द मावत होते. पुढचे दोन बघायचे तर माऊसने पान सरकवणं आलं.

पडदा उघडला. मंडळाला ताल द्यायचं काम नेहमी कॉन्रॅडचंच. तो डाव्या हाताने ताल देऊ लागला. उजवा हात माऊसवर होता.

"नीज माझ्या..." मंडळाने गायलं, आणि शब्द संपले.

कॉन्रॅडने पान सरकवलं. ते जास्तच सरकलं. मागे आणलं. मंडळ श्वास रोखून पाहत होतं.

"...बाळा नीज..."

पुन्हा शांतता. एवढ्या वेळात कॉन्रॅडला आपली सगळी पापं आठवली. तेवढ्यात त्या शांततेखाली डेल्फिनने एक हलका स्वर धरून ठेवला, पाळण्याच्या दोरीला झोका द्यावा तसा. कॉन्रॅडने मान वर केली. ती त्याच्याकडे पाहत होती आणि डोळ्यांनीच सांगत होती, सरकव.

"...चांदण्याची..."

पुन्हा विराम.

"...झाली शेज..."

तिसऱ्या ओळीत माऊस अडकला. "जागी" या शब्दाशी सगळे येऊन उभे राहिले आणि पुढचं काही येईना. एकेक करून सगळ्यांचा श्वास संपला. एलिनामावशींनी मात्र तो 'गी' सोडला नाही. त्या लहानपणापासून शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारत आल्या होत्या. कॉन्रॅडने माऊस टेबलावर आपटला, पान हललं, आणि मावशी त्याच एका श्वासात "...राहा तारके..." वर उतरल्या. सभागृहात कोणीतरी नाक पुसलं.

गाणं ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ चाललं. ते संपल्यावरही लोक गप्पच होते, कारण पुढे काही येतंय का, हे कोणालाच कळेना. मग एकदम टाळ्या कडाडल्या.

निकाल सांगायला मुख्य परीक्षक उभे राहिले. आयुष्यभर संगीत शिकवलेले म्हातारे गृहस्थ. "दरवर्षी सगळी मंडळं बाळाला झोपवतात," ते म्हणाले, "आणि असा काही गलका करतात की बाळ जागं होईल. आज पहिल्यांदाच असं मंडळ भेटलं, जे दोन शब्द म्हणतं आणि थांबून बघतं, झोपलं की नाही. आणि एकाचीही मान खाली नव्हती! पहिला क्रमांक, पापडी."

सिप्रियनकाकांनी टोपी छताकडे उडवली. ढाल घ्यायला डेल्फिन पुढे गेली. वडिलांच्या नावावरून तिने पदराने एकदा धूळ पुसली, धूळ नव्हतीच, आणि मग ती मनसोक्त रडली. कॉन्रॅडलाही रडू आलं. पण त्याचं निम्मं कारण माऊस होतं.

रात्री ढाल घरातल्या वेदीशेजारी ठेवली गेली. कॉन्रॅडचा गेलेला रुबाब हळूहळू परत येऊ लागला होता. "शेवटी मॉनिटर चांगला असला की..." एवढं म्हणून झालं, आणि फोन वाजला. गासच्या मंडळाचा प्रमुख फर्डिनंड होता.

"कॉन्रॅड, अभिनंदन रे. पुढच्या वर्षी आम्हीही पडदाच लावणार. तू त्यातला जाणकार. खरं सांग, कोणता घेऊ?"

कॉन्रॅडने छाती भरून श्वास घेतला. समोर डेल्फिन हाताची घडी घालून उभी होती. श्वास तसाच बाहेर पडला.

"फर्डिनंड," तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही. हिला विचार."

डेल्फिनने फोन घेतला. ढालीकडे एकवार पाहिलं. मग डोळ्याची पापणीही न हलवता, अतिशय गोड आवाजात ती म्हणाली, "सत्तावीस इंच, फोर के. त्याखाली उतरूच नका."